तो 'धाड' आवाज करंटचा नसतो

नवरात्र सरत आलं की माझी फिरती सुरू होते. कापूस यायच्या आधी जिनिंगवाल्यांना आपले पॅनल तपासून हवे असतात. एकदा हंगाम सुरू झाला की दोन तास लाईन बंद ठेवा म्हणून कुणाला सांगायची सोय राहत नाही. मागच्या खेपेला वर्धा-यवतमाळच्या मधल्या एका जिनिंगमध्ये ११ केव्हीचा, म्हणजे अकरा हजार व्होल्टचा, ब्रेकर (बिघाड झाला की लाईन तोडणारा मोठा स्विच) ट्रॉलीसकट बाहेर ओढून ठेवला होता. मागची बाजू उघडी, तीन पांढऱ्या चिनीमातीच्या बरण्या ओळीने उभ्या, प्रत्येक जेमतेम वीतभर उंच. तिथला फोरमन अर्धं आयुष्य रुईच्या गाठी बांधण्यात घालवलेला माणूस. जवळ आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, एवढ्याशा डब्यात अकरा हजाराचा करंट तुटते? अन् तो धाड आवाज याच्यातूनच येते का?"

दोन्ही प्रश्न चांगले होते. आवाजाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. ब्रेकर ट्रिप होताना, म्हणजे लाईन तोडताना, जो दणका ऐकू येतो तो स्प्रिंगचा असतो. एका छोट्या मोटरने किंवा हाताने हँडल मारून स्प्रिंग आधीच ताणून ठेवलेली असते, खटका सुटला की ती लोखंडी दांडे आपटत सुटते. करंट तुटतो तो बरणीच्या आत, आणि त्याचा बाहेर काडीचाही आवाज येत नाही. बरणीत हवाच नाही, तर स्फोट कशाचा होणार?

या बरणीला आमच्या धंद्यात 'बॉटल' म्हणतात आणि अख्ख्या यंत्राला व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर. सबस्टेशनच्या खोलीत, कारखान्यात, मोठ्या दवाखान्यात जे पुरुषभर उंचीचे राखाडी कपाट दिसतात, त्यांच्या पोटात बहुतेक हेच असतं. नव्या ब्रेकरमध्ये बॉटल इपॉक्सीत (एक घट्ट राळ) ओतून बंद केलेली असते, त्यामुळे ती दिसतही नाही.

आता दुसरा प्रश्न. रात्री दिवे घालवून पंख्याचा स्विच बंद करा, आत बारीक निळी ठिणगी दिसेल. दोन पट्ट्या एकमेकींपासून सुटतात तरी करंट क्षणभर मधल्या हवेतून उडी मारून चालूच राहतो. २३० व्होल्टला ती ठिणगी लगेच मरते. ११,००० व्होल्टला ती मरत नाही. गावात डीपीचा एबी स्विच, म्हणजे खांबावरचा हाताने ओढायचा उघडा स्विच, लोड असताना कुणी ओढला असेल तर तो निळा-पांढरा जाळ कसा लांबलांब ताणला जातो हे ज्याने पाहिलं, त्याला वेगळं सांगायला नको. हवा एकदा तापून फुटली की तीच तार होते. तार तोडली म्हणून तुम्ही खूश, पण हवेची नवी तार तयार झालेली असते. यालाच आर्क म्हणतात. ब्रेकर बनवणं म्हणजे मुळात या आर्कचं काय करायचं ते ठरवणं.

बहुतेकांना वाटतं की मोठा करंट तोडायचा म्हणजे तितकंच दांडगं काहीतरी हवं. व्हीसीबी करंटशी झोंबतच नाही. तो वाट पाहतो.

आपल्या लाईनचा करंट झोक्यासारखा आहे. कडुलिंबाला बांधलेला झोका एका टोकाला जातो, तिथे क्षणभर थांबतो, मग उलटा फिरतो. चालत्या झोक्यावरून उडी मारणारं पोर तोंडावर पडतं, शहाणं पोर तो टोकाला थांबला की अलगद उतरतं. आपल्याकडे एसीचे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण झोके. प्रत्येक झोक्यात करंट दोनदा शून्यावर येतो. म्हणजे सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदांनी, करंट आपणहून शून्य होतो. पाच हजार अँपिअरचा फॉल्ट, म्हणजे शॉर्ट सर्किट, असला तरी त्या क्षणी तिथे काहीच वाहत नसतं. ब्रेकर शून्याची ती वेळ पकडतो.

पण शून्य झाला म्हणून काम झालं असं नाही. लगेच दुसऱ्या बाजूने व्होल्टेज उभं राहतं आणि मधली जागा अजून तापलेली असेल तर आर्क पुन्हा पेटतो. मग पुढच्या शून्याची वाट, तोवर सगळं वितळायला लागतं. खरी अडचण इथे आहे: शून्यानंतरच्या अगदी थोड्या वेळात ती जागा पुन्हा 'कोरडी' करायची. करंट गेला तो आपण घालवला नाही. त्याला परत येऊ द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

बॉटलमधली हवा काढलेली असते म्हणजे किती? बाहेरच्या हवेच्या दाबाचा कोटीवा भाग किंवा त्याहून कमी. आपल्या खोलीतल्या हवेत एक रेणू मिलिमीटरच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाएवढा सरकला की दुसऱ्याला धडकतो. भर यात्रेत चालल्यासारखं. बॉटलमध्ये तोच रेणू अर्धा-पाऊण मीटर किंवा त्याहून जास्त जाईल तेव्हा त्याला दुसरा भेटण्याची आशा, आणि बॉटल तर वीतभर. म्हणजे कुणाला भेटायच्या आधीच तो भिंतीला जाऊन लागतो. असल्या सुनसान जागेत हवेची तार तयार व्हायला हवाच सापडत नाही. म्हणूनच ११ केव्हीच्या बॉटलमध्ये दोन कॉन्टॅक्टमधलं, म्हणजे एकमेकांना टेकून करंट नेणाऱ्या तोंडांमधलं, अंतर ८-१० मिलिमीटर, करंगळीच्या जाडीएवढं, तेवढ्यात भागतं. लाईनवर उघड्या हवेत याहून कितीतरी जास्त अंतर ठेवावं लागतं, हे तुम्ही खांबाकडे पाहून सांगू शकता.

मग आत आर्क होतच नाही का? होतो, आणि इथेच खरी गंमत आहे. कॉन्टॅक्ट एकमेकांपासून सुटताना शेवटचा टेकलेला बिंदू वितळतो, त्या धातूची वाफ होते आणि आर्क त्या वाफेवर जगतो. हवा नाही, गॅस नाही, फक्त कॉन्टॅक्टच्याच अंगची वाफ. आता करंट शून्यावर आला की वाफ तयार होणं थांबलं. जी आहे ती थंड धातूवर जाऊन बसते. भात शिजताना पातेल्यावरच्या झाकणाला वाफ लागून थेंब होतात ना, तसंच, फक्त सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात. व्होल्टेज वर चढेपर्यंत मधली जागा पुन्हा रिकामी. कॉन्टॅक्ट सुटतात तेही साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने, म्हणजे १० मिलिमीटरचं अंतर कापायला १० मिलिसेकंद, जेवढा वेळ दोन शून्यांच्या मध्ये आहे तेवढाच.

वाफ चिनीमातीवर जाऊन बसली तर आतून धातूचा मुलामा चढेल आणि बरणीच तार होईल. म्हणून कॉन्टॅक्टभोवती एक धातूचा पडदा असतो, तो ही वाफ झेलतो. दांडा हलायला हवा पण हवा आत जायला नको, यासाठी खाली स्टेनलेस स्टीलचा पातळ घडीदार भाता असतो. त्याला बेलो म्हणतात. लोहाराच्या भात्यासारख्याच घड्या, पण इथे त्याचं काम वारा न घालण्याचं. कॉन्टॅक्ट नुसत्या तांब्याचे नसतात, तांबं आणि क्रोमियम यांचं मिश्रण असतं. निव्वळ तांबं मोठ्या करंटवर एकमेकांना चिकटून बसतं. शिवाय कॉन्टॅक्टच्या तोंडावर भोवऱ्यासारख्या तिरप्या खाचा कापलेल्या असतात. खूप मोठा करंट असला की आर्क एकाच जागी गोळा होऊन ती जागा जाळू पाहतो. या खाचांमुळे करंट वळसा घेऊन जातो, त्याचं चुंबकत्व आर्कला गरगर फिरवतं, आणि एका जागी बसू देत नाही.

ही कल्पना काही नवी नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी १९२६ साली निर्वात पोकळीत करंट तोडून दाखवला होता. पण त्यातून भरवशाचा ब्रेकर यायला १९५० आणि १९६० ची दशकं उजाडावी लागली. निर्वात पोकळी करणं सोपं, ती वीस-तीस वर्षं टिकवणं अवघड. धातूच्या पोटातही गॅस दबलेला असतो आणि तापल्यावर तो बाहेर पडतो. काच-धातूचे आणि चिनीमाती-धातूचे जोड पक्के होईपर्यंत आणि धातू आधी पुरता शुद्ध करता येईपर्यंत जगाला तेलावरच भागवावं लागलं.

तेलाचे ब्रेकर मी शिकाऊ असताना हाताळलेत. टाकी उतरवायची, काळंकुट्ट तेल काढायचं, फिल्टर करायचं, कॉन्टॅक्टवर कानस मारायची. आर्कमुळे तेल फुटून त्यातून बहुतांश हायड्रोजन निघतो, आणि हायड्रोजन थंड करण्यात पटाईत, म्हणून तेल चालायचं. पण दोन-चार मोठे फॉल्ट झाले की तेल कोळसा होऊन जायचं, आणि बिघडलेला तेलाचा ब्रेकर फुटला तर खोलीत आग. नंतर एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) गॅसचे आले. गॅस गुणी आहे, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट तापवणारा. ११ आणि ३३ केव्हीला आता व्हॅक्यूमचंच राज्य आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे. डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटला, मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, तिथे झोका टोकाला थांबतच नाही.

ब्रेकर स्वतः मात्र आंधळा असतो. फॉल्ट ओळखतो तो रिले. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लाईनचा करंट लहान करून रिलेला दाखवते, रिले हिशेब करतो आणि खटका सोडणाऱ्या ट्रिप कॉइलला हुकूम सोडतो. हुकूम मिळाल्यापासून करंट पुरता तुटेपर्यंत साठ-सत्तर मिलिसेकंद लागतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

करंट केवढा असू शकतो? आपल्याकडच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनमध्ये ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ही नेहमीची गोष्ट. त्याचा पूर्ण लोडचा करंट ११ केव्हीला सुमारे २६२ अँपिअर. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला त्याच्या अंगचा अडथळा, साधारण ७ टक्के धरला तर सबस्टेशनच्या दारातच शॉर्ट झाल्यास पावणेचार हजार अँपिअरच्या आसपास जाईल, आणि गावापर्यंत तारेने लांब गेलं की त्याहून कमी. बॉटलवर मात्र छापलेलं असतं २५ केए, म्हणजे २५,००० अँपिअर. बैलगाडीच्या मालाला मालगाडीचा डबा! पण हाच ब्रेकर शहरातल्या मोठ्या स्टेशनलाही बसवतात, म्हणून तो तसा बनतो, आणि खेड्यात त्याची बॉटल फॉल्टने सहसा झिजत नाही.

बाकीचा ब्रेकर झिजतो कसा ते शेतकऱ्यांच्या 'ऑटो'कडे पाहिलं की कळतं. शेतीचा फिडर (सबस्टेशनमधून निघणारी ११ केव्हीची लाईन) रात्री दोनला आला तर उठून कोण जाणार, म्हणून मोटरीच्या स्टार्टरला ऑटोस्विच. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. पाच हॉर्सपॉवरची मोटर ११ केव्हीच्या बाजूने पाहिली तर पाव अँपिअरहून थोडी जास्त घेते. समजा फिडरवर अशा ३०० मोटरी आहेत. चालू असताना ८०-८५ अँपिअर, काहीच नाही. पण सुरू होताना मोटर सहापटीच्या आसपास ओढते, आणि ऑटोमुळे सगळ्या एकाच क्षणी सुरू. कागदावर ५०० अँपिअर! रिले म्हणतो फॉल्ट, ब्रेकर धाड. ऑपरेटर पुन्हा लावतो, पुन्हा धाड. शेतकरी म्हणतो सबस्टेशनवाले मुद्दाम करून राहिले, ऑपरेटर म्हणतो ऑटो काढा. दोघंही खरं बोलतात. ब्रेकरच्या दृष्टीने मात्र हे आणखी दोन ऑपरेशन. चांगला व्हीसीबी यांत्रिकदृष्ट्या १०,००० वेळा उघड-बंद व्हायला बनलेला असतो, आणि रात्री-अपरात्री असे चार-चार दणके खाल्ले की तो आकडा लांबचा राहत नाही. थकते ती बॉटल नव्हे, स्प्रिंग, खटके आणि पिना थकतात. वंगण वाळून चिकट झालं तर ब्रेकर हुकूम ऐकूनही आळस करतो.

आणि बॅटरी. एका जिनिंगमध्ये (नाव नको) प्रेसच्या केबलला शॉर्ट झाला. त्यांचा स्वतःचा ब्रेकर हललाच नाही. मागे सबस्टेशनचा फिडर उडाला आणि शेजारची गावं अंधारात. मी पोहोचलो तेव्हा पॅनलवरचे दिवे छान लागलेले होते. सगळे मला विचारतात, दिवे तर आहेत, मग? बॅटरीच्या सेल्स कधीच्या सुकल्या होत्या, दिवे चार्जरवर जगत होते. शॉर्ट झाल्यावर एसी व्होल्टेज खाली बसलं, त्याबरोबर चार्जरही बसला, आणि ट्रिप कॉइलला धक्का द्यायला बॅटरीत जीव नव्हता. ज्या क्षणासाठी बॅटरी ठेवलेली असते तोच क्षण चार्जर बंद पाडतो. तेव्हापासून मी आधी चार्जर बंद करतो आणि नुसत्या बॅटरीवर ब्रेकर ट्रिप करून पाहतो. पाच मिनिटांचं काम आहे.

व्हॅक्यूमचा एक दोषही सांगितला पाहिजे. तो कधी कधी फारच तत्पर असतो. लोड नसलेला ट्रान्सफॉर्मर किंवा मोठी मोटर बंद करताना करंट शून्यावर यायच्या आधीच, तीन-पाच अँपिअरला असताना, वाफ अपुरी पडते आणि करंट तटकन तुटतो. पाइपलाईनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाइप कसा धडधडतो, सांधा सुटतो! पाणी थांबलं पण त्याचा जोर कुठे जाणार? इथे कॉइलमध्ये अडकलेला जोर व्होल्टेज होऊन उसळतो. जुन्या तांबं-क्रोमियमआधीच्या बॉटलींत हा त्रास जास्त होता, आता कमी आहे. तरी ड्राय टाइप (बिनतेलाचा) ट्रान्सफॉर्मर किंवा एचटी, म्हणजे उच्च दाबाची, मोटर असेल तर उसळतं व्होल्टेज झेलणारा सर्ज अरेस्टर लावल्याशिवाय मी सही करत नाही.

आपल्या हवेचंही थोडं. या पॅनलचं आंतरराष्ट्रीय मानक सभोवतालचं तापमान जास्तीत जास्त ४० अंश आणि चोवीस तासांची सरासरी ३५ धरतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५ ओलांडतो, आणि टिनाच्या शेडमध्ये कपाटाच्या आत किती होत असेल? मागवतानाच ५० अंशांचं लिहून घ्यावं, नाहीतर १२५० अँपिअरच्या ब्रेकरवर तेवढा करंट मागू नये. पावसाळा वेगळाच. केबलच्या नालीत पाणी, त्याची ओल वर पॅनलमध्ये, हीटर कुणीतरी बिल वाचवायला बंद केलेला. इपॉक्सीवर ओल आणि धूळ बसली की बारीक सळसळ ऐकू येते, पहिल्या पावसात वीज कडाडल्यावर येतो तसा ओझोनचा वास येतो, आणि इन्सुलेटरवर पांढरट-हिरवट भुकटी दिसते. हे दिसलं की पुढचा फॉल्ट ठरलेला. जिनिंगमध्ये वरून सरकीची लव, रुईचे तंतू. ते ओल धरतात. आणि पाली, उंदीर. केबल आत येते तिथलं भोक बुजवलं नाही, की एक पाल बसबारपर्यंत (पॅनलमधल्या जिवंत पट्ट्यांपर्यंत) जाते आणि लाखोंचं पॅनल काळं करते. आत बॉटल कितीही सरस असली तरी बाहेरच्या हवेत फ्लॅश झाला तर ती काय करणार?

बॉटलमधलं निर्वात शाबूत आहे का, ते डोळ्यांनी कळत नाही. फोरमनला मी एक गंमत दाखवली. जुनी सुटी बॉटल होती, तिला मल्टिमीटर लावला, दोन्ही टोकं जोडलेली. दांडा ओढून सोडला, पुन्हा जोडली. कुणी स्प्रिंग लावलेली नाही, बाहेरची हवाच भात्यावर दाब देऊन कॉन्टॅक्ट आत ढकलते. निर्वात गेलं तर तो ओढा राहत नाही. ब्रेकरमध्ये बसवलेल्या बॉटलची परीक्षा वेगळी: कॉन्टॅक्ट उघडे ठेवून दोन टोकांना जास्त व्होल्टेज द्यायचं. ११ केव्हीसाठी नव्या ब्रेकरची परीक्षा २८ केव्हीला मिनिटभर असते. टिकलं तर पास. या चाचणीवेळी थोडे क्ष-किरण निघू शकतात, म्हणून पॅनलचं झाकण लावून दोन पावलं लांब उभं राहायचं. रोजच्या व्होल्टेजला ती भीती नाही.

"मग ब्रेकर बंद केला, की आत हात घातला तरी चालते?" फोरमनचा शेवटचा प्रश्न. अजिबात नाही. उघडा व्हीसीबी म्हणजे करंट थांबला, लाईन मेली असं नव्हे. आठ-दहा मिलिमीटरच्या पोकळीवर कुणी जीव लावत नाही, आणि ती पोकळी तुम्हाला दिसतही नाही. आधी ब्रेकर उघडा, मग ट्रॉली बाहेर ओढा, आतल्या जिवंत टोकांवर झाकण, म्हणजे शटर, पडलंय ते पाहा, केबलवर व्होल्टेज नाही याची खात्री करा, मग अर्थिंग. पलीकडून कुणाच्या जनरेटरने किंवा सोलरने उलटी लाईन आली असेल तर अर्थिंग तुम्हाला वाचवतं, ब्रेकर नाही. कपाटातले इंटरलॉक याचसाठी असतात: ब्रेकर चालू असताना ट्रॉली सरकतच नाही. सरकत नसेल तर हातोडा मारू नका, त्याचं काही कारण असतं.

ट्रॉली आत ढकलली, हँडल फिरवून टेस्टच्या जागी आणली, स्प्रिंग चार्ज केली. बटण दाबायला मी फोरमनला सांगितलं. त्याने हात पुसला, दाबलं. धाड. आत काहीच पेटलं नव्हतं, टेस्टच्या जागी लाईनच नसते. बाजूच्या छोट्या काउंटरवर १,१८६ चा आकडा सरकून १,१८७ झाला. फोरमनने खिशातून पेन काढून तो पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला, मागच्या वर्षीच्या तारखेखाली, लिहून ठेवला.